अर्ज नव्हे, एफआयआर

वस्तीत मारहाण झाली, जातीवरून शिवीगाळ झाली, की घरातल्या पहिल्या पदवीधराला बोलावणं येतं. कारण एकच, त्याला लिहिता येतं. 'मा. पोलीस निरीक्षक साहेब' अशी सुरुवात करून तीन पानी अर्ज होतो, त्यावर ठाण्याचा आवक शिक्का बसतो आणि घरचे म्हणतात, केस झाली. बहुतेक वेळा झालेली नसते. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. ठाण्यात जिला 'एनसी' म्हणतात ती अदखलपात्र नोंदही नव्हे. एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून प्रकरण तिथेच विझतं. जिथे विझावं अशी काहींची इच्छा असते तिथे तर हमखास.

मुळात अर्ज लिहून न्यायची गरजच नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती तोंडी देता येते. ती अधिकाऱ्याने लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, त्यावर सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. सुरतेत कामाला असलेल्या माणसाला गावाकडच्या ठाण्यात जाता येत नसेल, तर तो सुरतेतल्या ठाण्यातही माहिती देऊ शकतो.

'वाचून दाखवायची' हे शब्द आपल्या आईबापांसाठी फार मोलाचे आहेत. पदवीधराचं खरं काम तिथे आहे: वाचलेलं कान देऊन ऐकणं आणि चुकलेलं सही किंवा अंगठा होण्याआधी दुरुस्त करून घेणं. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणात तर नक्कीच. जातिवाचक अपमानाचा गुन्हा 'लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी' घडलेला असावा लागतो, आणि घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या हितेश वर्मा प्रकरणात म्हटलं. म्हणून जागा कोणती, आजूबाजूला कोण होतं, नेमके शब्द कोणते, हे नोंदीत आलंच पाहिजे. 'जातीवरून बोलला' एवढं मोघम वाक्य पुढे वकिलाला फार महागात पडतं. शिवी उच्चारायला लाज वाटते, ती लिहून घ्यायला अंमलदारही कचरतो, पण ती जशीच्या तशी यायला हवी.

'आधी चौकशी करू, मग बघू' हे उत्तर ठरलेलं. नव्या संहितेने तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिल्यामुळे या उत्तराला कायद्याचा आधार मिळाल्यासारखं वाटतं. पण अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १८-अ एफआयआरसाठी अशी चौकशी गरजेची नाही असं स्पष्ट म्हणतं, आणि कलम २० या कायद्याला विसंगत कायद्यांच्या वर बसवतं. हे १८-अ कुणी भेट दिलेलं नाही. मार्च २०१८मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली, २ एप्रिलला देशभर बंद झाला, त्यात माणसं मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेने हे कलम आणलं. फेब्रुवारी २०२०मध्ये न्यायालयानेही ते वैध ठरवलं.

तरीही अंमलदार नोंद करत नसेल, तर माहिती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हा अर्ज मात्र खरोखर अर्जच, शपथपत्रासह. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. हे ठाण्यात आवाज चढवून सांगण्यापेक्षा अधीक्षकांच्या पत्रात एका ओळीत लिहिलेलं जास्त कामाचं.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा बघा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि दूरध्वनी क्रमांक १५१००.