किशोर पित्यांची जबाबदारी

अमेरिकेत किशोरवयीन मातांसाठी शाळा आणि दवाखान्यांतून योजना वाढत गेल्या, तरी त्यांच्या बाळांचे पिते, जे अनेकदा स्वतःच शाळकरी वयाचे असत, ते धोरणकर्त्यांच्या नजरेत दीर्घकाळ केवळ दोषी किंवा देणेकरी राहिले. ही उणीव ओळखून चार्ल्स बॅलार्ड यांनी १९८२ मध्ये क्लीव्हलँड येथे किशोर पित्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यात पितृत्वाची कायदेशीर नोंद करणे, शिक्षण चालू ठेवणे आणि नोकरी शोधणे या गोष्टींवर भर होता. अविवाहित पित्याच्या दृष्टीने ही नोंद दुधारी ठरते, कारण तिच्यामुळे अपत्याला वारसाहक्क मिळतो आणि पित्याला भेटीचा हक्क मागता येतो, परंतु त्याच वेळी संगोपनखर्चाची, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देण्याची, बांधीलकीही येते. कमाई नसलेल्या मुलाची थकबाकी वाढत गेली की तो बाळापासूनच तोंड चुकवू लागतो. म्हणूनच मार्गदर्शकाचे, म्हणजे त्याच परिस्थितीची जाण असलेल्या आणि घरी येऊन दीर्घकाळ संपर्क ठेवणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे, काम उपदेशापुरते मर्यादित राहत नाही: बाळाला न्हाऊ-माखू घालण्यापासून न्यायालयीन कागद समजावण्यापर्यंत आणि मुलीच्या आईवडिलांचा रास्त राग शमेपर्यंत संवाद टिकवण्यापर्यंत त्याचा विस्तार होतो. वसुलीची यंत्रणा पैसे मिळवून देऊ शकते. पित्याचा सहवास मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा असल्याने सार्वजनिक निधीत मार्गदर्शनाला स्वतंत्र वाटा मिळणे न्याय्य ठरते.