लॅक्स्टनचे पंच आणि आमचे बांध

इंग्लंडांतील नॉटिंगहॅमशायर परगण्यांत लॅक्स्टन नांवाचें एक गांव आहे. तेथें मध्ययुगांतील खुल्या शेतांची पद्धति आजमितीसही चालू आहे, ही गोष्ट आमच्या कृषक बंधूंपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. साउथ, मिल व वेस्ट अशीं तीन विस्तीर्ण शेतें. मध्यें कुंपण नाहीं. प्रत्येकांत निरनिराळ्या शेतकऱ्यांचे लांबट पट्टे. एकांत हिंवाळी गहूं, दुसऱ्यांत वसंतांतील पेरा, तिसरें पड अथवा वैरणीस, अशी फेरपालट. १६३५ सालीं मार्क पिअर्स नामक मोजणीदारानें केलेला या गांवचा नकाशा अद्यापि जतन केलेला आहे.

अशी विखुरलेली शेती म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असें आर्थर यंगसारख्या सुधारकांनीं आग्रहानें प्रतिपादिलें. १७५० नंतरच्या शंभर वर्षांत पार्लमेंटानें सुमारें ४००० कायदे करून अशीं शेतें व गायरानें कुंपणांत घातलीं. उत्पन्न वाढलें, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्याचा चराईचा हक्क कागदावर सिद्ध झाला, त्यालाच मोबदल्याची जमीन मिळाली. ज्याची गाय केवळ वहिवाटीनें चरत होती, तो रिक्तहस्त राहिला. लहान वांटेकऱ्यांपैकीं कित्येकांस कुंपणाचा खर्चच झेपला नाहीं व त्यांनीं जमीन विकली. त्या काळीं पुष्कळशा कुळांचा एकमेव आधार म्हणजे जहागिरीच्या दप्तरांतील नोंदीची नक्कल; त्या धारणपद्धतीचें नांवच मुळीं ‘नकलेवरील धारण’ असें होतें. १९२२ च्या कायद्यानें, १९२६ च्या आरंभापासून, ती पद्धति बंद झाली. आमच्या सातबाऱ्यांतील ‘इतर हक्क’ हा रकाना किती जण वाचतात? मुलकी खात्यांत जन्म घालविलेल्या मनुष्यास हा प्रश्न विचारल्यावांचून राहवत नाहीं.

लॅक्स्टनला दप्तरासोबत पायपिटीचीही जोड आहे. दरसाल नोव्हेंबरअखेरीस गांवच्या शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच गव्हाचें शेत पायीं फिरून पाहतात. कोणी रस्त्यांत अगर सामाईक गवताच्या पट्टींत नांगर घातला असल्यास तेथें खुंटी ठोकतात. पुढील आठवड्यांत डव्हकोट नांवाच्या खानावळींत जहागिरीची न्यायसभा भरते व दंड ठरतो. दंड किरकोळच; पण तो शेजाऱ्यांच्या देखत होतो, यांतच त्याचा वचक. आमच्याकडे मात्र वीतभर बांध कोरल्याचा वाद दोन पिढ्या कोर्टांत चालतो, आणि वकिलाच्या फीपायीं त्या बांधालगतचें रान गहाण पडतें.

लॅक्स्टन म्हणजे रामराज्य, असें मात्र कोणी समजूं नये. जहागीर १९५२ त सरकारच्या शेतकी खात्यानें घेतली, १९८१ त ती राजसंस्थेच्या मिळकतींत गेली, आणि २०२० त थोर्सबी इस्टेटीनें खरेदी केली. मालक बदलले, पंचांची फेरी मात्र चालूच राहिली. आपल्या मंडळींनीं खरीप निघाल्यावर, रबीच्या पेरणीपूर्वीं, निदान एका गांवीं अशी फेरी काढून पाहावी. तलाठ्यांस बोलवावें, न आल्यास गांवकऱ्यांनींच फिरावें. बरोबर गांवनकाशा व थोड्या खुंट्या असल्या म्हणजे झालें.