आपल्याच वहीतला अन्याय

सहकाराचा अभिमान आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला आहे आणि तो अकारण नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास तो गाळप करू लागला आणि सावकाराच्या ओट्याखाली बसणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. पण मालक झालेल्या आपण सर्वांनी त्या कारखान्यात राबणाऱ्याचे काय केले, हे विचारण्याची रीत आपल्यात पडलीच नाही. कारखान्याला आपण माउली म्हणतो, कामगाराला ‘घरचा माणूस’. घरच्या माणसाने हिशेब मागायचा नसतो, अशी आपली जुनी समजूत. तिच्या आडोशाला एक क्रूर व्यवहार निर्वेधपणे चालत आला.

कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीसाठी दरमहा १२ टक्के कापले जातात, तेवढीच भर मालकाने घालायची आणि त्याच भरीतला हिस्सा पेन्शनकडे जायचा, हा सर्वसाधारण नियम. कारखाना अडचणीत आला की पगारपत्रकावर कपात दिसत राहते, चलन मात्र भरले जात नाही. उमेदीची सारी वर्षे बॉयलरच्या धगीत घालवलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी येतो, तेव्हा त्याच्या हाती रकमेऐवजी ‘थकीत देणी’ हे दोन शब्द पडतात. राहुरीच्या तनपुरे कारखान्याच्या कामगारांना २०२१ मध्ये याच देण्यांसाठी आंदोलनाला बसावे लागले. आपण त्या रस्त्याने गेलो, हळहळलो आणि उसाला भाव काय मिळणार याची चौकशी करीत पुढे निघालो.

कायदा या बाबतीत आपल्याहून कितीतरी सदय आहे. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने ही थकबाकी इतर देण्यांच्या आधी चुकवायची म्हणून ठरवली. राज्य सहकारी बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरून वाद पेटला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कामगाराचाच हक्क बँकेच्या आधी धरला. पगारातून कापलेला वाटा न भरणे हा तर फौजदारी विश्वासघात ठरतो. म्हणजे ज्याचा हक्क कायद्याने पहिला मानला, त्याला आपण रांगेच्या शेवटी उभे केले. आणि हे एकट्या संचालकांनी केले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. ते संचालक आपल्याच मतांवर निवडून आले आहेत. जिथे निधी न भरता हंगाम रेटला गेला, तिथे आपल्या उसाच्या पहिल्या उचलीत त्या कामगाराच्या म्हातारपणाचा पैसा मिसळलेला होता. तो आपण मोजून घेतला, मीही घेतला.

याच जिल्ह्यात तरवडीसारख्या खेड्यात राहून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवले आणि कुलकर्ण्याच्या वहीतला अन्याय बहुजनांना वाचून दाखवला. तो वारसा आपण अर्धाच घेतला. दुसऱ्याच्या वहीतले पाप ओळखायला शिकलो. वही आपल्या हाती आली तेव्हा ती उघडून पाहण्याचे कुणाच्या मनात आले नाही. २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. एवढ्यात औषधपाणीही भागत नाही, म्हणून निवृत्ताचा खरा आधार ती साठलेली रक्कमच. ती हाती आलीच तर तो गावच्या पतसंस्थेत वा बँकेत ठेवतो. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा पाच लाखांच्या विम्यावरची ठेव अधांतरी राहिली. त्याही बँकेचे सभासद आपणच होतो.

दरवर्षी सर्वसाधारण सभेत अहवाल ‘मंजूर, मंजूर’ म्हणत हात वर करून संमत होतो आणि आपण जेवायला उठतो. येत्या सभेत प्रत्येक सभासदाने एकच कागद मागावा: बाराही महिन्यांची निधी भरल्याची चलने. ती समोर येईपर्यंत अहवालाला हात वर करू नये. आणि थकबाकी निघाली, तर ती चुकती होईपर्यंत उसाचा पुढचा हप्ता आपण थांबवून धरू, असा ठराव शेतकऱ्यांनीच मांडावा.