पळणाऱ्या बाईचं काय चुकतं?

गेल्या चातुर्मासात बायकांच्या बैठकीत माझा विषय निघाला, मी समोर बसलेली असतानाच. "अक्का, या वयात पँट घालून सांबऱ्याच्या रस्त्यानं पळायलीस, शोभतं काय गं?" दुसरीनं धर्म काढला : पायाखाली किती जीव मरत असतील! तिसरीला माझ्या गुडघ्यांची काळजी. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण रडू येत होतं. आता बोलते.

जीवहिंसेचं आधी. ईर्यासमिती मलाही ठाऊक आहे. चार हात जमीन बघून चालायचा तो नियम मुनी-आर्यिकांचा. आपण श्राविका, आपल्याला अणुव्रतं. तरीही मी उजाडल्याशिवाय निघत नाही, गवतातून पळत नाही, पावसाळ्यात गांडुळं रस्त्यावर आली की चालतच घरी येते. पण मोटारसायकलवरून भरधाव बेळगावला जाणाऱ्या आपल्या पोरांना हा प्रश्न कुणी विचारला? भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या मुलांचं तर आपण कौतुक करतो. आपल्या सांबऱ्यातल्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रातून २०२३ साली अग्निवीरवायू मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्याही पळूनच तिथं पोचल्या की! म्हणजे अडचण किड्यामुंग्यांची नव्हे. घरची बाई पळते आणि कुणासाठी म्हणून पळत नाही, ही अडचण.

बारामतीच्या लता करे आठवतात? नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आपण सगळ्यांनी डोळे पुसले. त्या माउलीला माझा नमस्कारच आहे. पण नवऱ्यासाठी न धावता त्या स्वतःच्या जिवासाठी धावल्या असत्या, तर तुम्ही काय म्हटलं असतं?

मी माझ्यासाठीच पळते. आई गेली त्या वर्षी झोप उडाली होती, साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता एके दिवशी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर पळाले आणि धापा टाकत हसले. आता रविवारी दहा किलोमीटर होतात. पहिले दोन किलोमीटर डोक्यात फी, गॅस, जाऊबाईंचं बोलणं. मग हळूहळू नुसता श्वास उरतो. खरं सांगू? वीस वर्षं सामायिकाला बसून मन इतकं निवांत झालं नव्हतं. आता सामायिकालाही बसवतं. झोप लागते, साखर खाली आली. गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

आणि गुडघे! हौसेनं, बेतानं धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज बसून राहणाऱ्यांपेक्षा कमीच आढळते, असं २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान ७५ मिनिटं दमवणारा व्यायाम सांगते. दिवसाला अकरा मिनिटं पडतात. मालिकेतल्या जाहिरातीसुद्धा जास्त वेळ चालतात.

आपली व्रतंही आड येत नाहीत. सूर्यास्ताआधी जेवलेलं पोट सकाळी हलकंच असतं. रात्री पाणी न घेण्याचा नियम असेल, तर सूर्योदयानंतर पाणी पिऊन मगच निघावं. उपवासाला पळू नये, चालावं.

१९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, आणि त्यांना झेपत नाही म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. आपण काय वेगळं करतो? माझी भाची शाळेत ८०० मीटरला पहिली यायची. पाळी आली आणि वन्संनी तिचं मैदान बंद केलं. यंदाच्या उन्हाळ्यापासून ती माझ्याबरोबर पळते. वन्सं माझ्याशी नीट बोलत नाहीत. पोरीचे बूट मात्र त्यांनीच बेळगावातून आणून दिले, एक नंबर मोठेच, पाय वाढतोय म्हणून.