यादीवर पहिला आकडा खर्चाचा हवा

लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला उधळपट्टीवरून चार शब्द सुनावणे आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांची खतपत्रे जाळण्याचे लोण पसरले, तेव्हाही कुणबी कर्जात का बुडतो याचे एक उत्तर तयारच होते: लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून. पण दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने ते जसेच्या तसे मान्य केले नाही. ऐपतीच्या मानाने हा खर्च जास्त आहे खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात आणि कर्जाचे कारण म्हणून त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाची ही सावधगिरी आजही उपयोगी आहे, कारण लग्नात पैसा ओतणारा माणूस मूर्ख असतो हे गृहीत धरले की पुढचा सगळा विचार चुकतो.

तो मूर्ख नसतो. कर्नाटकातल्या खेड्यांतल्या लग्नखर्चाचा अभ्यास फ्रान्सिस ब्लॉख, विजयेंद्र राव आणि सोनाल्डे देसाई या अभ्यासकांनी केला आणि तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठे लग्न ही आपल्याला कसली सोयरीक मिळाली हे गावाला दाखवण्याची रीत आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडच्या आहेराचा आणि मानपानाचा हिशेबही असाच व्यवहारी आहे. ज्यांच्याकडे आपण जेवलो त्यांना बोलवावे लागते, कारण उद्या दवाखान्यात किंवा जागेच्या भांडणात हेच लोक धावून येणार असतात. एकट्या घराने हात आखडला तर त्या घराला कंजूष म्हणतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे घर बसले अशी कुजबुज होते. म्हणून ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ हा सल्ला पोकळ ठरतो. लोकांकडे लक्ष द्यावेच लागते.

मात्र या लोकांना खरोखर एवढे सगळे हवे असते का? याची परीक्षा करोनाने आपसूक घेतली. 2020 मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये राज्याने ती पंचवीसवर आणली आणि सोहळा दोन तासांत उरकण्याचा हुकूम काढला. लग्ने घराच्या अंगणात, गच्चीवर लागली आणि कोणाचीही अब्रू गेली नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा होता. बंधने उठल्यावर मंगल कार्यालये पुन्हा भरली. काही जण म्हणतील, म्हणजे लोकांना थाटच आवडतो. काहींना आवडतोही. पण आधी थांबायचे कोणी, हा प्रश्न नियमाने सोडवला होता आणि नियम गेल्यावर तो परत उभा राहिला, हेही तितकेच खरे.

मग हा नियम आपला आपण करता येतो का? जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने साधी, भटाविना लग्ने लावली. तिथे एकटे घर नव्हते, पाठीशी समाज होता. 2025 मध्ये मराठा समाजाच्या बैठकांतून मांडलेल्या आचारसंहितेतही मोजके पाहुणे आणि कर्ज काढून लग्न नको, हे मुद्दे होते. अशा संहिता किती टिकतात याबद्दल मला शंका आहे. पुढाऱ्याच्याच घरचे लग्न आले की त्या हमखास मोडतात. त्यापेक्षा लहान आणि टिकाऊ जागा आपल्या रिवाजात आधीपासून आहे: यादी. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, बस्ता, जेवणावळ, कार्यालय कोणाकडे ते लिहून घेतात. या कागदावर बाबी असतात, पण एकूण रकमेची मर्यादा बहुधा नसते. म्हणून प्रत्येक बाब वेगळी, परवडणारी वाटते आणि बेरीज केटररचे बिल आल्यावर कळते. दोन्ही घरांनी साठवलेल्या पैशातून आकडा आधी लिहावा, मग पाहुणे मोजावेत. दहा लाखांचे वैयक्तिक कर्ज चौदा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिना तेवीस हजारांवर हप्ता बसतो आणि व्याजच जवळपास चार लाख होते. ‘लग्न एकदाच होते’ म्हणणाऱ्यांनी हा हप्ता साठ वेळा येतो हेही मोजावे. मांडववाले, वाजंत्री यांच्या पोटाचा प्रश्न काढला जातो, पण त्यासाठी वधूपित्याने कर्ज काढावे हे कोणते अर्थशास्त्र?

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. यादीला बसलेले दोन पक्ष बरोबरीचे नसतात. हुंडा 1961 पासून कायद्याने बंद आहे, पण ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ हे वाक्य कायद्याच्या कचाट्यातून सहज निसटते. अशा वेळी मुलीच्या बापाने आकडा काढला तर सोयरीक मोडायची भीती त्याला वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणून हा आकडा मुलाकडच्यांनी काढला पाहिजे, तोही निम्मा खर्च आपला असे सांगून. मुलगा-मुलगी दोघेही कमावते असतील तर त्यांनीच तो ठरवून बैठकीत ठेवावा. तेव्हा ‘पोरांनीच ठरवलंय’ म्हणायला दोन्ही बापांना कारण मिळते, आणि पाहुण्यांची यादी कापताना मामा-काकांच्या रोषाला तोंड द्यायला ते पुरते.