घोडा आणि घासाघीस

गेल्या डिसेंबरात लेकीकडे ड्रेस्डेनला होतो. तिथला नाताळचा बाजार १४३४ पासूनचा! एका स्टॉलवर बोटाच्या पेराएवढा लाकडी घोडा दिसला. सायफेन गावचा. तिथल्या डोंगरातल्या खाणी मंदावल्या, तसे लोक लाकूडकामाकडे वळले. ओल्या लाकडाचं कडं लेथवर कातायचं. कातताना घोडा दिसतच नाही. मग केकसारख्या फोडी केल्या की प्रत्येक फोडीत एक घोडा! पुढचं कोरणं-रंगवणं हाताने.

किंमत ८ युरो. मी मनात शंभराने गुणलं आणि सवयीने म्हटलं, "कमी करतील का, विचार ना." लेक म्हणाली, "बाबा, असं विचारत नाहीत इथे." मुकाट्याने पैसे दिले.

आणि आठवली सावंतवाडीची चितारआळी. लाकडी फळांच्या परडीसाठी मी वीस रुपयांवरून अर्धा तास हुज्जत घातली होती. वर घरी येऊन फुशारकी! हातकामाच्या वस्तूवर घासाघीस करू नये, असं माझं आता ठाम मत आहे. मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपण कुठे तोंड उघडतो? सौ. म्हणतात, मग बाजाराची गंमत काय राहिली? असेल गंमत. त्या कारागिराने परडी दिली खरी, पण कागदात गुंडाळताना माझ्याकडे पाहिलं नाही.