लव्ह म्हंजे कुणाचं?



'लव्ह' हा शब्द आता इंग्रजी राहिलेला न्हाई. साताऱ्याच्या स्टँडवर, सांगलीच्या मार्केट यार्डात तो मराठीसारखाच चालतो. इंग्रज चहावर लव्ह करतो, कुत्र्यावर करतो, बायकोवर करतो, आणि टेनिसात शून्यालाही लव्हच म्हणतो. आपल्याकडं हा शब्द आला आणि गावानं त्याची जातवार वाटणी करून टाकली.

पाटलाच्या पोरानं पाटलाच्याच पोरीवर केलं, तर 'लव्ह मॅरेज'. चार दिवस रुसवाफुगवी, मग मांडव. बौद्धाच्या किंवा मातंगाच्या पोरानं केलं की तेच 'लफडं'. आणि मुडदा पडला की पेपरात 'प्रेमप्रकरण'. खून पडतो जातीपायी, नाव प्रेमाचं!

मला चीड येते ती गोड बोलणाऱ्यांची. "तुमच्या वस्तीवर आमचं लई प्रेम हाय." असंल. सोयरिक बोल की मग! तिथं घसा बसतो.

ही माया जुनीच आहे. 1901 साली लहानगे बाबासाहेब भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडं कोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनात उतरले. पोरांचे चांगले कपडे बघून स्टेशनमास्तरनं आपुलकीनं विचारपूस केली. 'महार' हा शब्द कानावर पडला आणि त्याचा चेहराच पालटला. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय ते. म्हणून 1936 साली त्यांनी नुसत्या सहभोजनावर भागवलं नाही. जात मोडायची तर आंतरजातीय लग्नंच पाहिजेत, असं ठणकावलं. जेवणाच्या पंगतीला जात फार घाबरत न्हाई. लग्नाला घाबरते.

किती घाबरते? जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांचं आपलं पोर मारलं गेलं. मराठा मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला. नोव्हेंबर 2017 मध्ये नऊ आरोपी निर्दोष सुटले.

सरकारचं लव्ह बघा. एका हातानं आंतरजातीय जोडप्याला 50 हजारांचं अनुदान, आणि डिसेंबर 2022 मध्ये दुसऱ्या हातानं अशाच जोडप्यांची माहिती गोळा करायला समिती! बोंबाबोंब झाली तेव्हा 'आंतरजातीय' शब्द गाळला, 'आंतरधर्मीय' तसाच ठेवला.

पण गावाला आणि सरकारला शिव्या घालणं सोपं हाय. वाटेगावला जाऊन अण्णा भाऊंच्या नावानं घोषणा देणारे आपण. मातंगाच्या घरी पोरगी द्यायची म्हटली, की आपल्यातल्या किती जणांचा चेहरा त्या मसूरच्या मास्तरसारखा होतो? पोरगी स्वतःहून गेली तर तिचा मोबाईल कोण काढून घेतं? भाऊच ना? निळा टिळा लावणारा?

सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली सांगितलंय, जिल्ह्याजिल्ह्यात अशा जोडप्यांना सुरक्षित निवारा द्या. साताऱ्याकडं अंनिसच्या कार्यकर्त्यांनी तशी सोय केली. आपण काय केलं? रात्री दोन वाजता जतहून किंवा दहिवडीहून एक पोरगा-पोरगी एका पिशवीनिशी आपल्या वस्तीत आली, तर त्यांना झोपवायचं कुठं, सकाळी पोलीस ठाण्यात त्यांच्यासोबत जायचं कुणी, हे आजच ठरायला पाहिजे. विहारामागं एक खोली असते. त्यात सतरंज्या आणि जयंतीचे बांबू भरून ठेवलेले असतात.

येत्या बैठकीत मी भाषण करणार न्हाई. त्या खोलीची किल्ली कुणाकडं हाय, एवढं विचारणार आहे.